रोबोट अडतो कुठे? नवशिक्यांनी या चुका टाळा

हातात उचलून धरला की रोबोटची दोन्ही चाकं झकास फिरतात. जमिनीवर ठेवला की चार बोटं पुढे जातो, थांबतो, पुन्हा चार बोटं जातो. अशा वेळी बहुतेक मुलं लॅपटॉप उघडून प्रोग्रामच्या ओळी बदलत बसतात. दोष तिथे क्वचितच असतो.

गोवा सरकारच्या केअर्स योजनेमुळे तिथल्या शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांपर्यंत कोडिंग आणि रोबोटिक्स पोचलं, ही फार चांगली गोष्ट झाली. पण कोडिंग मुलं पटकन उचलतात आणि वीज कुठून कशी वाहते हे शिकणं मागे राहतं. म्हणून माझा आग्रह एकच: रोबोट अडला की आधी मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं यंत्र) लावा, प्रोग्राम नंतर उघडा.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी

सगळ्यात जास्त रोबोट हीच बॅटरी बंद पाडते. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, वर ९ लिहिलेलं असतं, मोटरला ६ व्होल्ट पुरतात, मग अडचण काय? अडचण करंटची. ही बॅटरी मल्टिमीटर किंवा धुराच्या अलार्मसारख्या थोडीशी वीज खाणाऱ्या वस्तूंसाठी असते. तिचा आतला रेझिस्टन्स जास्त असतो. चाकं फिरवणाऱ्या पिवळ्या गिअरबॉक्सच्या बीओ मोटरवर भार आला की ती बरीच जास्त वीज ओढते, आणि गाडी सुटताना तर दोन्ही मोटर एकदम ओढतात. आतला रेझिस्टन्स ५ ओहम आणि करंट ०.८ अँपिअर धरला, तर ४ व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्च होतात. बाहेर उरतात ५.

हे डोळ्यांनी पाहता येतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, टोकं बॅटरीच्या तारांना लावा आणि चाक बोटाने हलकेच अडवा. आकडा ९ वरून धाडकन खाली येतो. त्याच क्षणी आर्डुइनो उनो या प्रोग्राम चालवणाऱ्या बोर्डवरचा एल नावाचा छोटा दिवा भराभर लुकलुकला, तर बोर्ड रिसेट होऊन पहिल्यापासून सुरू होतोय असं समजा. गाडी थांबत थांबत चालते ती यामुळे. मोटर मोकळ्या असताना घेतलेलं रीडिंग इथे काही कामाचं नाही, भार असताना मोजा.

उपाय म्हणजे १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल सिरीजमध्ये (एकापुढे एक जोडून), होल्डर आणि स्विचसकट. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, त्यामुळे दोन मिळून ८.४. एकेक सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. टीपी४०५६ हा चार्जर एका सेलचा आहे, दोन सेलच्या जोडीला तो लावायचा नाही. सेल काढून वेगवेगळे चार्ज करा. सेलवर थेट सोल्डरिंग नको, खिशात किल्ल्यांबरोबर तर मुळीच नको. लिथियम सेल शॉर्ट झाला तर आग लागते, म्हणून लहान मुलांच्या हातात तो एकट्याने देऊ नये. प्राथमिकच्या मुलांना चार पेन्सिल सेलही चालतील, गाडी जरा हळू जाईल एवढंच.

हळू का, तर लाल रंगाचा एल२९८एन ड्रायव्हर (आर्डुइनोच्या सिग्नलवर मोटर फिरवणारा बोर्ड) स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो. ६ दिले तर मोटरपर्यंत ४ च पोचतात. टीबी६६१२ ड्रायव्हर याहून खूप कमी खातो, छोट्या गाडीला मी तोच सुचवीन.

एल२९८एन चा आणखी एक घोटाळा त्याच्या ५ व्होल्टच्या टर्मिनलमध्ये आहे. जंपर (दोन पिन जोडणारी छोटी टोपी) लावलेला असेल तर तिथून ५ व्होल्ट बाहेर येतात. मुलं त्यातच दुसरीकडून ५ व्होल्ट घालतात आणि मग आतला ५ व्होल्ट तयार करणारा रेग्युलेटर तापला की घाबरतात.

दिवाळीत नरकासुराच्या पुतळ्याचे हात हलवणाऱ्या पोरांसाठी खास सांगतो. त्यासाठी गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर वापरतात, तीच मग शाळेच्या प्रोजेक्टलाही येते. एल२९८एन एका बाजूला जेमतेम २ अँपिअर झेपवतो, वायपर मोटर त्याहून कितीतरी जास्त ओढते. तिथे रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा बीटीएस७९६० सारखा दणकट ड्रायव्हर हवा, आणि वायर जाड हवी.

ग्राउंड जोडलंच नाही

मोटरला वेगळी बॅटरी, आर्डुइनोला वेगळी पॉवर बँक. दोन्हीकडे दिवे लागलेत, पण मोटर हलत नाही किंवा वेड्यासारखी फिरते. दोन्हींचे ग्राउंड (उणे टोक) एकत्र जोडा. आर्डुइनोचा सिग्नल कशाच्या तुलनेत ५ व्होल्ट आहे, हे ड्रायव्हरला त्याशिवाय कळतच नाही.

मोटर थेट आर्डुइनोच्या पिनला लावणं ही याहून महागडी चूक. उनोच्या पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच करंट घ्यावा. एलईडीलाही २२० ओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे लाल एलईडीतून १३–१४ मिलिअँपिअर वाहतात आणि पिन सुखरूप राहते.

पावसाळा आणि खारी हवा

हे बाहेरच्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही. जूनमध्ये कपाटात ठेवलेला रोबोट चतुर्थीनंतर बाहेर काढला की चालत नाही. जंपर वायरच्या टोकांवर काळपट थर चढलेला असतो, स्क्रू टर्मिनल गंजलेली, सेल होल्डरच्या स्प्रिंगवर हिरवट डाग. किनाऱ्याजवळच्या घरात तर हे आणखी लवकर होतं. मीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असली की बीप देतो त्या खुणेवर) ठेवून प्रत्येक वायर हलवत तपासा. बीप मध्येच तुटला तर ती वायर बाजूला काढा. संपर्काच्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासा. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवा आणि रोबोट सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्सही (सोल्डर नीट बसावं म्हणून वापरतात तो चिकट पदार्थ) पुसून काढा, तो ओल धरतो.

ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता वायर खोचायचा बोर्ड) नवा असला तरी एक गोष्ट तपासाच: काही मोठ्या बोर्डांवर कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या मध्यभागी तुटलेल्या असतात. अर्ध्या बोर्डला वीज, अर्ध्याला नाही.

सेन्सर घरी चालतो, स्पर्धेत नाही

लाइन फॉलोअर (काळ्या रेघेवरून चालणारा रोबोट) रात्री ट्यूबलाइटखाली सेट केलेला असतो. स्पर्धेच्या हॉलमध्ये खिडकीतून ऊन आलं की त्याला सगळंच पांढरं दिसतं, कारण उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो. सेन्सर जमिनीपासून सेंटिमीटरच्या आतच ठेवा, वर काळ्या पुठ्ठ्याचा आडोसा करा आणि मॉड्यूलवरचा छोटा स्क्रू प्रत्यक्ष त्या जागेवर फिरवून सेट करा. चकचकीत इन्सुलेशन टेपपेक्षा मॅट काळी टेप बरी.

अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर ईएसपी३२ बोर्डला (आर्डुइनोसारखाच दुसरा बोर्ड) लावत असाल, तर त्याची एको पिन ५ व्होल्ट देते आणि ईएसपी३२ ला ३.३ च चालतात. १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करा.

प्रोग्राम चढत नसेल तर केबल बदलून पाहा, फक्त चार्जिंगची केबल डेटा नेत नाही. ० आणि १ पिनवर ब्लूटूथ मॉड्यूल असेल तर अपलोडपुरतं काढा. स्वस्त उनोला लॅपटॉपमध्ये सीएच३४० चा ड्रायव्हर लागतो (हा मोटरचा ड्रायव्हर नव्हे, सॉफ्टवेअर).

मीटरचीही काळजी घ्या. करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या खाचेतच राहिली आणि तुम्ही बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलात, तर तो थेट शॉर्ट होतो. करंट मोजून झाला की वायर लगेच व्होल्टच्या खाचेत परत लावा. स्पर्धेला जाताना मीटर, चार्ज केलेले दोन जादा सेल, एक जादा मोटर ड्रायव्हर आणि मूठभर जंपर वायर बरोबर न्या. ऐन वेळी पणजी-म्हापशाच्या दुकानांत हवा तोच ड्रायव्हर मिळेल याची खात्री नसते, आणि ऑनलाइन मागवलेला पार्ट त्या दिवशी पोचत नाही.