जेलीफिश डसली? आधी तो घरच्या पाण्याचा कॅन खाली ठेवा

बेळगावहून समुद्राकडे निघालेल्या कुठल्याही गाडीची डिकी उघडा, घरच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन सापडणारच. कुणाला बाहेरचं पाणी सोसत नाही, कुणाला पोहून झाल्यावर अंगावरचं मीठ तिथल्या तिथं धुवायचं असतं. मालवणला पहिल्यांदा समुद्रात उतरलो आणि डाव्या हातावरून कुणीतरी तापलेली तार ओढावी तशी आग झाली, तेव्हा किनाऱ्यावर येऊन मी पहिलं काम केलं ते हेच. तो कॅन हातावर उपडा केला आणि टॉवेलनं खसाखसा पुसलं. एक रेघ होती, तिच्या बघता बघता चार-पाच झाल्या.

आपण पट्टीचे पोहणारे, यात वाद नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले, मलप्रभेत नाहीतर घटप्रभेत मुटके मारून वाढलेले आणि पुढं तलावात फेऱ्या मोजत बसलेले. समुद्र मात्र घाट उतरल्यावर भेटतो. चोर्ल्यानं गेलं की गोवा, आंबोलीनं गेलं की वेंगुर्ला-मालवण. चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा असते, तिच्यासाठी आपल्याकडची पोरं हौसेनं जातात. दम असतो, हात असतो. पण जेलीफिश समोर आली की आपल्या बहुतेक चुका गोड्या पाण्याच्या सवयीतून होतात, हे मला उशिरा कळलं.

गोडं पाणी ओतणं

जेलीफिशच्या लोंबत्या धाग्यांवर हजारो बारीक दंशपेशी असतात. प्रत्येकीत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पोकळ नळी आणि विष. स्पर्श झाला की ती नळी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात बाहेर उडते. तुम्ही हात मागं घ्याल तोवर काम झालेलं असतं. पण धागा कातडीला चिकटतो तेव्हा सगळ्या पेशी उडालेल्या नसतात, कितीतरी तशाच भरलेल्या राहतात. त्या खाऱ्या पाण्याला सरावलेल्या. वरून गोडं पाणी पडलं की आतबाहेरच्या क्षारांचा तोल ढळतो आणि उरलेल्याही फुटतात. म्हणजे मी माझ्याच हातानं स्वतःला दुसऱ्यांदा डसवून घेतलं होतं, तेही घरच्या विहिरीच्या पाण्यानं.

तेव्हा धुवायचं ते समुद्राच्याच पाण्यानं, तांब्यानं ओतावं तसं, न चोळता. दिसणारे धागे भुवया कोरायच्या चिमट्यानं अलगद उचलायचे. वाळूनं घासणं, टॉवेलनं पुसणं, एटीएम कार्डानं खरवडणं, घट्ट पट्टी आवळणं यातलं काहीच करायचं नाही. दाब पडला की पेशी उडतात. दुसऱ्याचे धागे काढणाऱ्यानंही उघडा हात लावू नये, नाहीतर एकाचे दोन पेशंट होतात.

चुना, लघवी आणि बाकीची घरगुती दवाखानेगिरी

आमच्या गटात निपाणीकडचे दोघं आहेत. त्यांच्या खिशात चुन्याची डबी नसली तर त्यांनाच चुकल्यासारखं होतं. गांधीलमाशी चावली की चुना, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. तोच हात इथंही पुढं येतो. चुना लावायचा म्हणजे बोटानं चोळायचा, आणि चोळणं हाच तर घोटाळा. लघवीचा उपाय सुचवणारा एकजण प्रत्येक किनाऱ्यावर असतो. त्यानं फायदा होत नाही, आणि पाणी भरपूर प्यायलेल्या माणसाची लघवी जवळजवळ गोड्या पाण्यासारखीच असते. स्पिरिट, दारू यांचंही तेच. बाटली कुणी पुढं केलीच तर आधी बाजूला ठेवा.

व्हिनेगरचं प्रकरण जरा अवघड. बॉक्स जेलीफिशच्या दंशावर व्हिनेगर ओतलं की न उडालेल्या पेशी गप्प बसतात, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यांवर त्याच्या बाटल्या खांबांना लावलेल्या असतात. पण त्याच देशात निळ्या बाटलीच्या, म्हणजे ब्लू बॉटलच्या दंशावर व्हिनेगर लावू नका असं शिकवतात. कुठली डसली हे ओळखता येत नसेल तर चायनीजच्या गाडीवरची बाटली उचलून आणायला धावू नका. जीवरक्षकाला विचारा. तिथं रोज काय सापडतं ते त्याला माहीत असतं.

बर्फ लावावा की गरम पाणी?

आग होतेय म्हटल्यावर मन बर्फाकडं धावतं. पण जास्त उपयोगी पडतं ते गरम पाणी, साधारण ४० ते ४५ अंशांचं, निदान २० मिनिटं. उष्णतेनं विषातली प्रथिनं निकामी होतात आणि वेदना उतरते. आता गरम पाणीही गोडंच की, मग? म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी समुद्राचं पाणी, मग धागे काढणं, त्यानंतर गरम पाणी.

किनाऱ्यावर थर्मामीटर कोण नेतो? अंदाज असा: आंघोळीला कढत वाटेल पण सोसेल, इतपत. तपासायचं ते दुसऱ्यानं, कोपर बुडवून. डसलेल्याला आधीच आग होत असते, त्याला चटका कळत नाही आणि वर भाजण्याचे फोड येतात. हल्ली आम्ही दोन मोठे थर्मास नेतो. एकदा विसरलो तेव्हा चहावाल्या मावशींनी पातेलंभर पाणी तापवून दिलं आणि वर दोन शब्दही सुनावले.

पाण्यात असतानाच घाबरणं

किनाऱ्यावरच्या चुका चट्ट्यावर निभावतात. पाण्यातली चूक जिवावर येऊ शकते. आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक दंश चार दिवस त्रास देऊन बरे होतात, पण तीनशे मीटर आत असताना अचानक आग झाली की माणूस श्वास चुकतो, खारं पाणी गिळतो, गटांगळी खातो. विहिरीत काही झालं तर चार हात मारले की कठडा असतो. इथं कठडा नाही.

आग झाली की पहिली गोष्ट, हात झाडू नका. झाडलेला धागा मानेला किंवा तोंडाला गुंडाळतो. उताणे व्हा, दोरीनं बांधलेला तरंगता फुगा छातीशी धरा आणि चार-पाच लांब श्वास सोडा. मग सोबत्याला हाक, एक हात वर. सोबती नसेल तर तुम्ही आत जायलाच नको होतं. डोकं पाण्यात घालून आजूबाजूला एकदा बघा. जेलीफिश बहुधा एकटी नसते, प्रवाहानं आणलेला थवा असतो, आणि घाईघाईनं सरळ किनाऱ्याकडं निघालेला माणूस नेमका त्यातूनच जातो. मोकळं पाणी दिसेल त्या बाजूनं वळसा घ्या. डोळे चोळू नका, चष्म्याच्या पट्ट्यात धागा अडकलेला असू शकतो.

ती तुमच्या मागं लागत नाही, हेही मनाशी पक्कं असू द्या. तिला मेंदू नाही, तिचं ९५ टक्के अंग पाणीच. तुम्ही तिच्या वाटेत आलेले असता.

रापणवाल्यांना न विचारता उतरणं

पहाटे रापण ओढणारे दिसले की जाऊन जाळ्यात काय आलंय ते बघा. जेलीफिशचा खच पडला असेल तर त्या दिवशी पोहायचं नाही, नाश्ता करायचा. हवामानाच्या कुठल्याही ॲपपेक्षा मला हा अंदाज खरा वाटतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा निळ्या बाटल्या किनाऱ्यावर लोटतो. खरं तर ती जेलीफिशही नव्हे, अनेक जीवांची मिळून एक वसाहत, वर निळसर फुगा आणि खाली लांबच लांब धागे. पावसाळा सरल्यावरही समुद्र मोकळा असतोच असं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये गोव्यात दोन दिवसांत ९० हून जास्त लोकांना दंश झाल्याचं जीवरक्षकांनी सांगितलं होतं, आणि आपल्याकडची दिवाळीनंतरची सहल नेमकी तेव्हाच असते. वाळूत मरून पडलेली जेलीफिशही डसते. पोरांना ती काठीनं उचलू देऊ नका.

कपड्यांबद्दल थोडक्यात: पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा लायक्राचा पोशाख पुष्कळ वाचवतो, कारण दंशपेशीची नळी कापडाआड सहसा पोचत नाही. व्हॅसलीन फासून काही होत नाही, ते काखेत कातडी घासू नये म्हणून असतं. क्युबा ते फ्लोरिडा पोहायला निघालेल्या डायना नायडला २०११ मध्ये जेलीफिशच्या दंशांमुळे पाण्याबाहेर यावं लागलं होतं. २०१३ मध्ये ती अंगभर पोशाख आणि चेहऱ्यावर सिलिकॉनचा मुखवटा घेऊन उतरली. आपल्याला मुखवटा नको, पण अर्ध्या चड्डीचा हट्टही नको. आणि बाहेर आल्यावर पोशाख उतरवून मग नळाखाली जा. धाग्यांचे तुकडे कापडात अडकलेले असतात.

लगेच घाटाला लागणं

दंश झाला की सगळ्यांना घरी जायची घाई होते. निदान दोन तास किनाऱ्याजवळ थांबा. चोर्ल्यात मध्येच रेंज जाते, आणि श्वास अडकायचा असेल तर तो वळणं बघून अडकत नाही. धाप, छातीत दुखणं, ओठ किंवा चेहरा सुजणं, उलट्या, गरगरणं, डोळ्याला दंश, किंवा चट्टा अर्ध्या पायाएवढा मोठा असेल तर गरम पाण्यात वेळ न घालवता १०८ किंवा ११२ लावा. लहान मुलाला दंश झाला तर वाट बघूच नका.

आणखी एक. चट्टे मावळल्यावर आठ-पंधरा दिवसांनी त्याच जागी पुन्हा खाज आणि पुरळ उठू शकतं. माझंही उठलं. रांगेत आलेले लाल फोड बघून आजीनं ठरवूनच टाकलं, “नागीण झालीय की रे तुला!” आणि लगेच कावेचा लेप उगाळायला बसली. डॉक्टरांनीही आधी तीच शंका घेतली. घाटावरच्या दवाखान्यात जेलीफिशचे पेशंट कितीसे येणार? मी मालवणचं सांगितलं तेव्हा ते हसले आणि मलम बदलून दिलं. तेव्हा पुरळ उठलं तर कुठल्या समुद्रात, कधी आणि काय लागलं होतं हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा.