पासवर्ड बरोबर, तरी सर्व्हर आत घेत नाही? युजरनेमची अक्षरं मोजा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्थांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. काउंटरवर पिग्मीवाले ताटकळलेले आणि विंडोज पुन्हा पुन्हा पासवर्डच मागतंय, अशा वेळी केबल उपसत बसू नका. आमच्याकडं गावावरनं पडलेली आडनावं लांब. ‘नाव डॉट आडनाव’ अशी पद्धत ठेवली की घोटाळा तिथंच होतो.

आमचे सर्व्हर लिनक्सवर, काउंटरचे पीसी विंडोजवर; लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम म्हणजे सांबा. लिनक्सला ३२ अक्षरांपर्यंतचं युजरनेम चालतं, विंडोजच्या लोकल (त्याच पीसीवरच्या) खात्याला फक्त २०. समजा, ज्ञानेश्वर येळ्ळूरकर. मराठी दाखल्यासारखं डी-एन-वायनं लिहिलं तर टिंबासकट रोमन अक्षरं होतात २१. कन्नड वळणानं जे-एननं लिहिलं तर बरोबर २०. पहिल्या स्पेलिंगला पीसीवर शेवटचा ‘आर’ गळतो, आणि सांबाच्या लेखी ती दोन वेगळी माणसं ठरतात.

खात्री करायला पीसीच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘हूअॅमआय’ चालवा. उलट्या स्लॅशपुढं दिसतं तेच नाव विंडोज आपणहून पुढं पाठवतं. सर्व्हरवर ‘पीडीबीएडिट’ या कमांडला कॅपिटल ‘एल’ जोडून सांबाच्या खात्यांची यादी काढा आणि दोन्ही नावं अक्षरागणिक ताडून बघा.

फोल्डर उघडतोय पण सेव्ह होत नाही, असं असेल तर सांबाच्या मुख्य सेटिंग फाइलीत ‘मॅप टू गेस्ट’ बघा. ते ‘बॅड यूजर’वर असलं की अनोळखी नावाला सांबा गुपचूप पाहुणा म्हणून आत घेतं.

नावं जुळत नाहीत म्हणून सर्व्हरवरचं जुनं खातं पुसून नवं काढू नका, कळकळीनं सांगतो. लिनक्समध्ये फाइलीची मालकी खात्याच्या नंबरावर असते. नव्या खात्याला वेगळा नंबर मिळाला की कॅशियरला स्वतःच्याच फाइली बंद होतात. त्यापेक्षा सर्व्हरवर सांबाच्या सेटिंगच्या फोल्डरात एक साधी टेक्स्ट फाइल करा: डावीकडं लिनक्सचं नाव, मधे बरोबरचं चिन्ह (=), उजवीकडं विंडोजचं नाव. विंडोजच्या नावात जागा असेल तर ते दुहेरी अवतरणात. सांबाच्या मुख्य फाइलीत, ‘ग्लोबल’ भागात, ‘युजरनेम मॅप’पुढं तिचा पूर्ण पत्ता द्या, ‘टेस्टपार्म’ या कमांडनं ती मुख्य फाइल तपासा आणि सांबा रीस्टार्ट करा.

पासवर्ड मात्र डावीकडच्या नावाचा लागतो. हे कॅशियरबाईंना आधीच सांगून ठेवा. विंडोज पासवर्ड साठवतं त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद काढून पीसीवर लॉगआउट करून परत लॉगिन करा, नाहीतर विंडोज जुनंच पाठवत राहतं.

नवीन खाती आद्याक्षर आणि आडनाव एवढीच ठेवा. कॉम्प्युटरचं नावही आखूडच बरं, नेटवर्कवर कॉम्प्युटर नावानं ओळखायची जुनी पद्धत, नेटबायोस, तिला १५ अक्षरांपुढचं चालत नाही.