रिलीजपूर्वीची तयारी: ब्रँच आणि टॅग

इंदूरच्या सीतलामाता बाजारातील एखाद्या कापड दुकानदाराने आपल्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार केली, तर त्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या आवृत्ती क्रमांकावरून नेमका तोच कोड आपल्याला काढता आला पाहिजे. रिलीजपूर्वीची, म्हणजे नवी आवृत्ती ग्राहकाला देण्यापूर्वीची, पुढील सर्व तयारी या एका गरजेसाठी आहे. ती गिट या कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात करायची आहे: कमिट म्हणजे बदलांची एक नोंद, ब्रँच म्हणजे कोडची वेगळी चालणारी शाखा आणि टॅग म्हणजे एखाद्या कमिटला दिलेले नाव.

सर्वप्रथम तारीख ठरवावी. पुण्यातील ग्राहकासाठी रंगपंचमी हा कामाचा दिवस असू शकतो, पण इंदूरमध्ये त्या दिवशी राजवाडा परिसरात गेर (रंग उधळणारी मिरवणूक) निघते आणि अडचण आल्यास हाताशी माणसे नसतात, म्हणून आदल्या दिवशी रिलीज ठेवू नये. अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या (सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक) चालतात, तेव्हाही हाच विचार करावा.

मुख्य ब्रँचवरील सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या आहेत आणि अर्धवट राहिलेली कामे तिच्यात मिसळलेली नाहीत, हे पाहिल्यावरच रिलीज ब्रँच काढावी. तिचे नाव ‘रिलीज/2.4’ आणि टॅगचे नाव ‘व्ही2.4.0’ अशी वेगळी पद्धत आधीच ठरलेली असावी. दोघांना एकच नाव दिल्यास गिट संदिग्धतेचा इशारा देते, आणि काही आज्ञा टॅग उचलतात तर काही ब्रँच.

ब्रँच काढल्यानंतर तिच्यात केवळ दुरुस्त्या येतील, नवीन सुविधा येणार नाहीत, हे संपूर्ण चमूला लेखी कळवावे आणि थेट पुश (बदल परस्पर सामायिक सर्व्हरवर पाठवणे) बंद करावे. दुरुस्ती आधी मुख्य ब्रँचवर करून मग चेरी-पिकने, म्हणजे तेवढीच कमिट उचलून, रिलीज ब्रँचवर आणावी, असे माझे ठाम मत आहे, कारण उलट क्रमाने काम केल्यास घाईच्या दिवसांत ती मुख्य ब्रँचवर न्यायची राहून जाते आणि 2.4 मध्ये सुधारलेला दोष 2.5 मध्ये पुन्हा उगवतो. चेरी-पिक करताना ‘एक्स’ हा पर्याय वापरावा, म्हणजे मूळ कमिटचा क्रमांक संदेशातच नोंदवला जातो. ग्राहकाकडे चाचणीसाठी जाणाऱ्या प्रत्येक प्रतीला ‘व्ही2.4.0-आरसी.1’ असा स्वतंत्र टॅग द्यावा (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, अंतिम ठरू शकणारी प्रत). सिमँटिक व्हर्जनिंग या आवृत्ती क्रमांक देण्याच्या पद्धतीच्या नियमांनुसार तो अंतिम 2.4.0 च्या आधीचा मानला जातो.

अंतिम टॅग लावण्यापूर्वी आवृत्तीच्या फाइलमधील क्रमांक आणि बदलांची नोंद अद्ययावत करून त्या कमिट कराव्यात, आणि टॅग त्याच कमिटवर पडेल याची खातरजमा करावी. टॅग साधा न लावता ॲनोटेटेड लावावा. साधा टॅग म्हणजे कमिटकडे बोट दाखवणारे केवळ एक नाव असते. ॲनोटेटेड टॅगमध्ये तो कोणी, केव्हा आणि कोणत्या संदेशासह लावला हे राहते, आणि ‘गिट डिस्क्राइब’ ही जवळच्या टॅगवरून कमिटला नाव देणारी आज्ञा एरवी असेच टॅग विचारात घेते. नेहमीच्या पुशबरोबर नवा टॅग आपोआप जात नाही, म्हणून तो नावानिशी पाठवावा. ‘टॅग्ज’ हा पर्याय देऊन सरसकट पाठवल्यास आपल्या यंत्रावरचे प्रयोगाचे टॅगही सर्वांपर्यंत पोहोचतात.

एकदा पाठवलेला टॅग कधीही हलवू नये. ज्या सहकाऱ्याने तो आधीच घेतला आहे त्याच्याकडे जुनाच राहतो (2018 च्या डिसेंबरमध्ये आलेल्या गिट 2.20 पासून तर सर्व्हरवरचे बदल उतरवताना, म्हणजे फेच करतानाही, ‘फोर्स’ हा सक्तीचा पर्याय दिल्याशिवाय जुना टॅग बदलला जात नाही), आणि मग एकाच क्रमांकाचे दोन वेगळे कोड फिरू लागतात. चूक तासाभरात लक्षात आली तरी 2.4.1 काढावा, क्रमांक वाया गेल्याने कोणाचेही नुकसान होत नाही.

दुकानांना द्यायची प्रत, कोड सर्व्हरवरून नव्याने क्लोन करून (पूर्ण उतरवून), टॅगवरूनच बांधावी. स्वयंचलित बिल्डची (प्रत बांधण्याची) यंत्रणा पुष्कळदा अपुरा इतिहास घेते व टॅग घेतच नाही, त्यामुळे आवृत्ती क्रमांक टॅगवरून काढला जात असल्यास ती मांडणी आधी तपासावी.

दिवाळीच्या हंगामात व्यापारी नवी आवृत्ती घेत नाहीत, त्यांना फक्त दुरुस्ती हवी असते. म्हणून 2.5 निघाली तरी 2.4 ची रिलीज ब्रँच ठेवावी. शेवटचा ग्राहक पुढे गेल्यावर, तिच्या अखेरच्या कमिटवर टॅग असल्याची खात्री करून ती काढून टाकण्यास हरकत नाही, कारण टॅगमुळे तिथपर्यंतचा सर्व इतिहास शाबूत राहतो.