सेरेब्रल पाल्सी असलेल्या लेकराची झोप: आमची रात्रीची वही

आपण रात्रीत कितीदा कूस बदलतो हे सकाळी आठवतही नाही. हाताला मुंग्या आल्या की झोपेतच वळतो, पाय आखडला की सरळ करतो. माझा ओमू साडेचार वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. त्याचे हात-पाय कडक आहेत, आणि त्याला स्वतःहून वळता येत नाही. अंग अवघडलं की रडून मला उठवणं एवढंच त्याच्या हातात असतं. ही साधी गोष्ट कळायला मला दोन वर्षं लागली. त्या काळात "अशी मुलं रडतातच" हे मी शेजारणींकडून ऐकलं आणि एका डॉक्टरांकडूनही. आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, रोज तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्यामागची माया खरीच होती, पण रडणं थांबलं नाही. म्हणून ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांना पहिल्यांदा हेच सांगते: त्याला हट्टी म्हणू नका, कारण शोधा.

शोध वहीपासून सुरू करा. शंभर पानी साधी वही आणि दोरीने बांधलेलं पेन उशाशी ठेवा. किती वाजता झोपला, किती वाजता उठला, शेवटचं खाणं कधी झालं, शी झाली का, औषध कधी दिलं, एवढं लिहायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय केल्यावर तो शांत झाला ते लिहायचं. दोन आठवडे लिहिल्यावर माझ्या डोळ्यांसमोर चित्र आलं. जेवल्यावर तासाभरात रडायचा तेव्हा पाठीची कमान करायचा, आणि उभं धरलं की थांबायचा. दीड आणि चारच्या सुमारास रडायचा तेव्हा नुसतं कुशीवर वळवलं तरी थांबायचा. तीन दिवस शी झाली नसली की रात्रभर कशानेच थांबायचा नाही. मी ज्याला एकच त्रास समजत होते, ते तीन वेगळे त्रास होते. नंतरच्या डॉक्टरांनी ती वही पाच मिनिटं शांतपणे वाचली, आणि त्या दिवसापासून आमची गाडी रुळावर आली.

जेवल्यावरचं रडणं आंबट पाणी वर येण्याचं निघालं. त्यावर औषध मिळालं, पण जेवणाची वेळ बदलल्यानेही फरक पडला. आता संध्याकाळी सातला मऊ वरणभात किंवा नाचणीची पेज, आणि त्यानंतर तासभर तरी त्याच्या खुर्चीत बसवून ठेवतो, लगेच आडवं करत नाही. शी साफ व्हावी म्हणून पपई, भिजवलेल्या मनुका कुस्करून, दिवसभर थोडंथोडं पाणी, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध. मात्र लेकरू पाणी पिताना ठसकत असेल तर जास्त पाणी पाजण्याआधी थेरपिस्टना गिळणं तपासायला सांगा. पाणी श्वासनलिकेत गेलं तर झोपेपेक्षा मोठं दुखणं मागे लागतं.

आता झोपवण्याची पद्धत. थेरपिस्ट ताईंनी आमच्या घरी येऊन, आमच्याच अंथरुणावर ती दाखवली. आमची कापसाची गादी मधोमध बसली होती आणि ओमू त्या खड्ड्यात घसरायचा. ती आधी पिंजून घेतली. मग जुनी वाकळ घट्ट गुंडाळून तिची लांब वळकटी केली आणि दोन टोकांना नाडी बांधली. ओमूला कुशीवर घेतलं की ही वळकटी पाठीला लागून ठेवायची, खांद्यापासून कंबरेपर्यंत. वरचा पाय गुडघ्यात वाकवून थोडा पुढे घ्यायचा, आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये चौघडी केलेली चादर ठेवायची. नाहीतर त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात आणि त्या ताणानेच तो उठतो. खालचा खांदा अंगाखाली दबला असेल तर हलकेच पुढे ओढून घ्यायचा. हात छातीसमोर आले की त्याच्या मुठी आपोआप सैल पडतात, ते बघत बसावंसं वाटतं.

यात काही गोष्टी मी अगदी हात जोडून सांगते. वळकटीने लेकराला बांधायचं नाही. तोंडाजवळ मऊ उशी, टेडी, सुटं पांघरूण काही ठेवायचं नाही. लेकरू वर्षाच्या आतलं असेल, त्याला आकडी येत असेल, उलट्या होत असतील किंवा श्वासाचा त्रास असेल, तर आधी थेरपिस्टना आणि डॉक्टरांना विचारा, मगच असं काही करा. ओमूला मानवलेली पद्धत दुसऱ्या लेकराला मानवेलच असं नाही. सकाळी कंबर, घोटे, कानामागची कातडी बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर दाखवा. रात्री पायाला स्प्लिंट, म्हणजे पाय सरळ धरून ठेवणारे साचे, लावायला सांगितले असतील आणि त्यानेच झोपमोड होत असेल, तर मनाने काढून फेकू नका. बहुतेकदा ते टोचत असतात, किंवा पाय वाढल्याने लहान झालेले असतात.

आणखी एक दुखणं वहीनेच उघडं केलं. लंगोट बदलताना पाय फाकवला की ओमू किंचाळायचा, आणि मी तेही रडणंच म्हणून लिहीत होते. डॉक्टरांनी विचारलं, "कोणता पाय?" बघितलं तर दर वेळी डावाच. एक्स-रे काढला तेव्हा डाव्या खुब्याचा गोळा खोबणीतून बाहेर सरकायला लागलेला दिसला. या मुलांमध्ये खुबा असा सरकतो, आणि चालता न येणाऱ्या मुलांना तो धोका जास्त असतो. म्हणून दुखत नसलं तरी ठरावीक काळाने खुब्याचा एक्स-रे करायचा असतो. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि त्याची खंत आजही आहे. तुम्ही पुढच्या भेटीत स्वतःहून विचारा. "खुब्याचा एक्स-रे कधी करायचा?" एवढंच.

घोरण्याकडेही दुर्लक्ष नको. लेकरू जोरात घोरत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना टॉन्सिल दाखवा. रात्री अंग झटकत असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण ती आकडी, दचकणं की स्नायूंचा ताण हे सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. आकडी ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा ओठ निळे पडले तर मात्र वही-व्हिडिओ काही नाही, थेट दवाखाना.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप लागते. ओमू संध्याकाळी पाचला झोपायचा आणि मग अकरापर्यंत टक्क जागा राहायचा. आता दुपारी एक ते अडीच, बस्स. सकाळी आठाच्या उन्हात अर्धा तास अंगणात. संध्याकाळी कोमट पाण्याने अंघोळ, कारण गार पाण्याने तो आणखी आखडतो. मग हात-पाय हलकेच ताणून मोकळे करायचे, मग दिवा मंद, टीव्ही-मोबाइल बंद, आणि आईंचं एकच गाणं. रोज याच क्रमाने. ज्या लेकरांना दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांना दिवस-रात्र कळायला जास्त जड जातं, त्यांना तर हा क्रम फारच लागतो.

झोळी सोडवणं आम्हाला सगळ्यात अवघड गेलं. झोळीत तो गप्प व्हायचा, पण पाठ वाकायची, मान पुढे पडायची, पाय आवळून जायचे. तीन आठवडे लागले. आधी डोळे जड होईपर्यंतच झोळी, मग अंथरुणावर. मग नुसतं मांडीवर. मग अंथरुणावरच, छातीवर माझा हात. दुखणं शोधून त्यावर उपाय झाल्यावरच हे जमलं. दुखणाऱ्या लेकराला सवय लावता येत नाही.

औषधांचं थोडक्यात. झोप यावी म्हणून सर्दीचं सिरप पाजणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. अंधार पडला की शरीरात मेलाटोनिन तयार होतं, तेच गोळी किंवा थेंबाच्या रूपात डॉक्टर काही मुलांना देतात, पण ते त्यांनी ठरवायचं, दुकानातून आपण आणायचं नाही. आणि कडकपणासाठी बॅक्लोफेन चालू असेल तर ते एकदम कधीही बंद करू नका, ते धोक्याचं असतं. झोपेसाठी वेळ बदलावीशी वाटली तर डॉक्टरांना विचारून.

पैशाची ओढाताण आमच्याकडेही आहे. आमचे हे इचलकरंजीत यंत्रमागावर पाळीने जातात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा मुलांची तपासणी आणि थेरपी होते, तिथे जा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना सेरेब्रल पाल्सीसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा विमा देते, त्यात थेरपीचा खर्चही बसतो.

रात्र वाटून घ्या. दोनपर्यंत आई, त्यानंतर मी. ह्यांची रात्रपाळी नसेल तेव्हा चारचं वळवणं ह्यांचं. तो रडायच्या आधीच वळवायचं, दिवा न लावता, न बोलता.

काल रात्रीची नोंद, आईंच्या आणि माझ्या अक्षरात: ९.३० झोपला. १.३० वळवला, डोळे उघडले नाहीत. ४.०० वळवला, हुंकार दिला, परत झोपला. ६.४० उठला. हसत होता.