लिंडिस्फार्न आणि हेड्रियनची भिंत : निघण्यापूर्वीची तयारी

नॉर्थम्बरलंड हा इंग्लंडचा उत्तर टोकाचा, स्कॉटलंडला लागून असलेला परगणा. लिंडिस्फार्न हे इथले बेट, आणि हेड्रियनची भिंत ही रोमनांनी बांधलेली लांब भिंत. या सहलीची तयारी बॅगेपासून करू नका, वेळांपासून करा. समुद्राची भरती, सूर्यास्त, पक्ष्यांचा हंगाम आणि पबचे स्वयंपाकघर या चार गोष्टी तुमच्यासाठी थांबत नाहीत. त्या कागदावर आल्या की बाकीचा कार्यक्रम सहज बसतो.

लिंडिस्फार्नला जायचे असेल तर हॉटेलचे आरक्षण करण्याआधी भरतीचा तक्ता उघडा. हे बेट दर चोवीस तासांत दोनदा पाण्याने तुटते आणि मुख्य भूमीवरच्या बील गावाहून जाणारा सुमारे पाच किलोमीटरचा रस्ता प्रत्येक वेळी साधारण पाच-सहा तास बंद राहतो. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीत चालत जाऊन पाहिलेल्यांना हे गणित नवे नाही, पण इथे अंतर मोठे आहे आणि पाणी अतिशय थंड. सुरक्षित वेळा नॉर्थम्बरलंड काउंटी कौन्सिल जाहीर करते, त्याच धरा. दुसरा कुठला तक्ता हाती आला तर तो ग्रीनिच वेळेचा आहे की उन्हाळी वेळेचा ते आधी तपासा, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत दोन्हींत एका तासाचा फरक असतो. वेळा रोज पुढे सरकतात, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही.

गाड्या अडकतात त्या बहुतेक परतताना. रस्त्याचा सखल भाग मुख्य भूमीच्या बाजूला, पुलाजवळ आहे. बेटावरून निघताना रस्ता कोरडा दिसतो, माणूस निर्धास्त होतो आणि पाणी गाठ घेते ते शेवटी शेवटी. तोवर मागेही पाणी चढू लागलेले असते. म्हणून जाहीर वेळ संपायच्या निदान अर्धा तास आधी बेट सोडा, आणि वारा जोराचा असेल तर आणखी आधी. वाऱ्याने पाणी अपेक्षेपेक्षा लवकर चढते. रस्त्यावर पाणी दिसले तर गाडी घालू नका, मागे फिरा. वाळूतून खांबांच्या रांगेने जाणारी यात्रेकरूंची जुनी वाट पायी करायची असेल तर पाणी उतरत असतानाच निघा आणि ओहोटीच्या तळवेळेपर्यंत पलीकडे पोहोचा. ‘रस्ता उघडा’ असल्याची वेळ या वाटेला लागू होत नाही.

बेटावर काय पाहायचे हेही भरतीच ठरवते, कारण प्रायरी (ख्रिस्ती मठ) आणि किल्ला यांच्या उघडण्याच्या वेळा तिच्याप्रमाणे बदलू शकतात. एडन या ख्रिस्ती साधूने इथे मठ स्थापन केला तो 635 मध्ये आणि व्हायकिंगांनी तो लुटला 793 मध्ये, पण आज उभे असलेले अवशेष नंतरच्या, नॉर्मन काळातल्या प्रायरीचे आहेत. बायबलमधल्या शुभवर्तमानांचे प्रसिद्ध हस्तलिखित ‘लिंडिस्फार्न गॉस्पेल्स’ लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असतात. मूळ हस्तलिखित पाहण्याच्या आशेने बेटावर आलेल्यांची निराशा होते. किल्ला गावापासून सुमारे दीड किलोमीटर चालत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचे राहत्या घरात रूपांतर केले ते एडविन लटयन्स यांनी, पुढे नवी दिल्लीची आखणी करणाऱ्यांनी. दिल्लीतले त्यांचे भव्य काम माहीत असेल तर या लहान खोल्या मुद्दाम वेळ देऊन पाहा.

प्रवेशाच्या तिकिटांचे आधी नीट वाटे करा. ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या दोन संस्था इथे आहेत: प्रायरी इंग्लिश हेरिटेजची, किल्ला नॅशनल ट्रस्टचा. भिंतीवरचा हाउसस्टेड्सचा रोमन किल्ला दोन्हींच्या सदस्यांना मोफत, आणि भिंतीजवळचे विंडोलँडा हे रोमन ठाणे मात्र स्वतंत्र ट्रस्टचे, त्यामुळे यांपैकी कुठल्याही सदस्यत्वावर तिथे मोफत प्रवेश नाही. परदेशातून आलेल्यांसाठी इंग्लिश हेरिटेजचा नऊ किंवा सोळा दिवसांचा पास असतो. तीन-चार मोठी ठिकाणे पाहणार असाल तरच तो परवडतो. पार्किंगचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालते, पण पार्किंगचे अ‍ॅप घरूनच उतरवून ठेवा, कारण भिंतीच्या परिसरात नेटवर्क जागोजागी जाते.

पक्ष्यांसाठी येणार असाल तर महिना आधी ठरवा, ठिकाण मग. पफिन हवे असतील तर एप्रिलच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंत किनाऱ्यावरच्या सीहाउसेस गावाहून फार्न बेटांची बोट घ्या. बोटीचे भाडे वेगळे आणि बेटावर उतरण्याचे नॅशनल ट्रस्टचे शुल्क वेगळे. बर्ड फ्लूमुळे 2022 मध्ये उतरणे बंद झाले होते, त्यांतल्या इनर फार्न बेटावर ते 2024 मध्ये पुन्हा सुरू झाले. म्हणून तिकीट काढताना ‘उतरण्यासह’ आहे ना हे विचारा. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, तेव्हा एक दिवस मोकळा ठेवा. जाड टोपी विसरू नका: आर्क्टिक टर्न वाटेच्या कडेलाच अंडी घालतात आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारतात. हिवाळ्यात लिंडिस्फार्नच्या निसर्ग राखीव क्षेत्रात आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरून फिकट पोटाचे ब्रेंट कलहंस येतात. पाणी चढू लागले की चिखलावरचे पक्षी किनाऱ्याकडे सरकतात, तेव्हा ते उत्तम दिसतात. 8×42 ची दुर्बीण पुरेशी होते. उन्हाळ्यात वाळूवर दोरी बांधलेली दिसली तर आत पाऊल टाकू नका. लिटल टर्नची अंडी वाळूच्याच रंगाची असतात, आणि पक्षी घरट्यावरून उठला की अंडी थंड पडतात किंवा कावळ्या-गलच्या तोंडी जातात.

हेड्रियनच्या भिंतीचे काम 122 मध्ये सुरू झाले. तिची लांबी सुमारे 117 किलोमीटर, पण एका दिवसासाठी स्टील रिग ते हाउसस्टेड्स हा जेमतेम पाच किलोमीटरचा टप्पा निवडा. अंतर कमी दिसले तरी सतत चढउतार आणि दगडी पायऱ्या आहेत, त्यामुळे दोन ते अडीच तास धरा. गुडघे दुखत असतील तर थेट हाउसस्टेड्सला जा. तिथेही पार्किंगपासून किल्ल्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटांची चढण आहे. स्वच्छतागृह खाली पार्किंगजवळ आहे, वर चढण्यापूर्वीच जाऊन या. भिंतीवर चढून चालू नका. वरचे दगड हलले की आतला भराव पावसाने धुऊन निघतो. हाउसस्टेड्सजवळच्या झाडीतला छोटा तुकडा तेवढा चालण्यासाठी मोकळा आहे. नोव्हेंबर ते एप्रिल जमीन भिजलेली असते आणि बुटांनी खालचे पुरातन थर दबतात, म्हणून लांबचा पायी प्रवास मे ते ऑक्टोबरमध्येच ठेवा. शिवाय डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. विंडोलँडात उत्खनन प्रत्यक्ष चालू असताना पाहायचे तर उन्हाळ्यात, सोमवार ते शुक्रवारमध्ये या. गाडी नसेल तर AD122 नावाची बस आहे. तिचे वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलते, परतीची शेवटची फेरी आधी लिहून घ्या.

आता कपडे. जीन्स नको: भिजली की तासन् तास ओली राहते आणि अंगाची ऊब खेचून घेते. लवकर वाळणारी पँट, पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, वर टोपी असलेले जलरोधक जॅकेट, खोल खाचांच्या तळाचे बूट आणि लोकरी मोज्यांचा एक जादा जोड हवा. छत्री भिंतीवरच्या वाऱ्यात उलटते, ती गाडीतच राहू द्या. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचे 1:25,000 प्रमाणाचे कागदी नकाशे सोबत ठेवा, भिंतीसाठी ओएल43 आणि लिंडिस्फार्नसाठी 340. त्यांवर हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाट. ती शेतातून जाते; फाटक जसे दिसले तसेच सोडा, आणि वासरे असलेल्या गायींना लांबून वळसा घाला.

जेवणाचे गणित अनेकांचे चुकते. गावातल्या पबचे स्वयंपाकघर बऱ्याचदा दुपारी दोन-अडीचला बंद होते ते संध्याकाळी सहाला उघडते, आणि चहाची दुकाने चारलाच आवरतात. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा आणि प्रत्येकी लिटरभर पाणी बरोबर असू द्या. भारतातून येताना मात्र पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ आणू नका. ब्रिटनमध्ये ते आणायला परवानगी नाही.

गाडी डावीकडूनच चालते, त्याची सवय आपल्याला आहे. अरुंद एकपदरी रस्त्यांची नसते. समोरून गाडी आली आणि थांबण्याची रुंद जागा डावीकडे असेल तर तिच्यात शिरा. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर थांबा आणि समोरच्याला तिच्यात जाऊ द्या. वेगाचे आकडे मैलांत असतात.

उंच गवतातून आल्यावर रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत आणि मुलांच्या केसांत गोचिडी शोधा. सापडलीच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावू नका, जाळू नका. तीन ते तीस दिवसांत चाव्याभोवती पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाची शंका घ्या. तोवर तुम्ही पुण्याला पोहोचलेले असाल, तेव्हा इंग्लंडच्या गवतातून फिरल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा. संकटात 999 लावा. समुद्रकाठी असाल तर कोस्टगार्ड मागा. डोंगरात असाल तर आधी पोलीस मागा आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू, आणि नकाशावरचा ग्रिड क्रमांक वाचून दाखवता येईल असा तयार ठेवा.