नवा इलेक्ट्रिक पियानो ऐकायला बसण्याआधी

कीबोर्डच्या अपडेटमधून इलेक्ट्रिक पियानोचे नवे आवाज आले की पहिल्या पाच मिनिटांत मत बनवू नका. मी एकदा बनवलं होतं. तीन दिवस नवा आवाज कौतुकानं वाजवला, मित्रांना ऐकवला. चौथ्या दिवशी सहज कोरस (आवाज दाट आणि रुंद करणारा इफेक्ट) बंद केला, तर खाली जवळपास जुनाच आवाज निघाला, फक्त जरा मोठा. तेव्हापासून आधी तयारी करतो, मग वाजवतो.

ही तयारी अपडेटच्या आधीच सुरू होते, कारण काही कीबोर्डांवर नवे आवाज जुन्यांच्या जागी येऊन बसतात आणि मागे फिरता येत नाही. स्वतः जमवलेले प्रीसेट (सेटिंगसकट साठवलेले आवाज) पेनड्राइव्हवर काढून घ्या. टच सेटिंग, म्हणजे बोटाच्या जोराला कीबोर्ड किती प्रतिसाद देतो, ते कागदावर लिहून ठेवा. अपडेटनंतर ते मूळ स्थितीत गेलेलं असू शकतं. मग बदललेला असतो टच आणि कौतुक होतं आवाजाचं. नेहमीच्या वाजवण्यातला दोन-तीन मिनिटांचा तुकडा मिडीमध्ये (यात आवाज नव्हे, कुठली पट्टी कधी आणि किती जोरानं दाबली ते नोंदलं जातं) घ्या, आणि तोच जुन्या आवाजात ऑडिओ म्हणूनही. मिडीत प्रत्येक आघाताचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत नोंदला जातो. तोच तुकडा नंतर नव्या आवाजावर सोडला की बोटं तीच राहतात, आवाज तेवढा बदलतो. तुलना चोख होते, पण अर्धीच. वाजवणारा कानांनी ऐकत हात बदलत असतो. जुन्या आवाजाला जागं करायला लागणारा जोर नव्यावर कर्कश वाटला, तर लगेच नव्याला नावं ठेवू नका. हातानं वाजवून बघायचं अजून बाकी आहे.

आता, हा आवाज नक्की कशाची नक्कल करतोय ते आधी ठरवा. ‘इलेक्ट्रिक पियानो’ या एका नावाखाली तीन अगदी वेगळी वाद्यं नांदतात. रोड्समध्ये हातोडी पोलादाच्या बारीक काडीवर आपटते आणि काडीच्या टोकासमोरचा चुंबकीय पिकअप तिची थरथर उचलतो. काडी पिकअपच्या अगदी मध्यासमोर असेल तर वरच्या सप्तकाचा सूर डोकावतो, जरा बाजूला सरकवली तर मूळ सूर भरदार होतो. ही जुळवणी कारागिराच्या हातची, त्यामुळे एक रोड्स दुसऱ्यासारखा वाजेलच असं नाही. म्हणून ‘खरा रोड्स असा वाजत नाही’ हे वाक्य मी फारसं मनावर घेत नाही. वुर्लिट्झरमध्ये काडीऐवजी पोलादी पत्ती असते. पेटीच्या सुरांची आठवण व्हावी अशी, पण हवेनं नव्हे, हातोडीनं वाजणारी. जोर वाढला की ती गुरगुरते, आणि तिची सगळी गंमत त्या गुरगुरण्यात आहे. तिसरा आवाज १९८३ च्या यामाहा डीएक्स७ या सिंथेसायझरचा. तिथे हातोडीच नाही. सहा ऑपरेटर (लहरी निर्माण करणारे इलेक्ट्रॉनिक घटक) एकमेकांना हलवून काचेसारखा लखलखीत सूर घडवतात. रोड्सकडून मागायच्या गोष्टी याच्याकडून मागाल तर निराश व्हाल.

पट्ट्यांची मर्यादाही लक्षात असू द्या. वुर्लिट्झरच्या नेहमीच्या मॉडेलला ६४ पट्ट्या होत्या, प्रचलित रोड्सला ७३. तुमच्या ८८ पट्ट्यांच्या दोन्ही टोकांना जे वाजतं ते बऱ्याचदा ताणून बनवलेलं असतं. तिथल्या सुरांवरून निकाल देऊ नका.

मग इफेक्ट काढा, सगळे: कोरस, फेझर, रिव्हर्ब, ॲम्पची नक्कल, ट्रेमोलो. ट्रेमोलोचं, म्हणजे आवाज लयीत कमी-जास्त होण्याचं, एक सांगायला हवं. रोड्सच्या सूटकेस मॉडेलवर बटणाला ‘व्हायब्रॅटो’ म्हटलंय, पण सूर हलत नाही, आवाज डावी-उजवीकडे झुलतो. वुर्लिट्झर २००ए चा ट्रेमोलो मात्र मोनो, म्हणजे डावी-उजवीकडे एकसारखा. नव्या वुर्लिट्झर प्रीसेटमध्ये आवाज दोन्ही कानांत हिंदोळत असेल तर ती प्रीसेट बनवणाऱ्याची हौस. ऐकायला छान लागते, पण तुलनेत धरू नका.

यानंतर आवाजाची पातळी. मोठा आवाज कानाला चांगला वाटतो, आणि त्यासाठी एखाद्या डेसिबलचा फरकही पुरतो. मीटरवरचे शेंडे जुळवून भागत नाही, कारण आघात धारदार असलेला आवाज मीटरवर उंच उडतो, पण ऐकायला तितका मोठा नसतो. शेवटची जुळवणी कानानंच करा.

आता हात. मधल्या सप्तकातली एकच पट्टी घ्या आणि अगदी हळूपासून पूर्ण जोरापर्यंत वीस-पंचवीस पायऱ्यांनी वाजवा. आवाज सलग उजळत गेला पाहिजे. मध्येच पायरी चढल्यासारखा उडी मारत असेल, तर दोन सॅम्पलमधला (रेकॉर्ड करून ठेवलेल्या सुरांमधला) सांधा तिथे आहे. अपडेटचा खरा फायदा मी इथेच शोधतो: बोटातला लहानसा फरक आवाजापर्यंत पोचतो का? पोचत नसेल तर सॅम्पल कितीही श्रीमंत असोत, वाजवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. मग तीच पट्टी एकाच जोरानं भराभर वाजवा. शिवणयंत्रासारखी एकसुरी टकटक येते का बघा. खर्जातला एक सूर धरून ठेवा आणि आस विरेपर्यंत ऐका. सूर जिवंतपणे विरत जातो, की काही क्षणांनी एकाच लहरीची फिरकी सुरू होते? पट्टी सोडताना डँपर (सूर थांबवणारी गादी) टेकल्याची हलकी खूण ऐकू येते का? पेडल दाबून भरपूर सूर पेरा, जुने अचानक गळतात का तेही कळेल.

हेडफोनवर भागलं असं समजू नका. कीबोर्डच्या स्पीकरवर ऐका, मग डावा-उजवा एकत्र करून मोनोत. मंचावर एकाच स्पीकरमधून वाजवत असाल तर हीच चाचणी महत्त्वाची, कारण हेडफोनवर रुंद वाटणारे काही आवाज मोनोत चिरडून बारीक होतात. शेवटी बेस आणि ड्रम्सच्या तयार ट्रॅकवर वाजवा. एकट्यानं वाजवताना भरघोस वाटणारा खर्ज बेसच्या अंगावर पडतो, आणि आधी ‘पातळ’ म्हणून हिणवलेला जुना आवाज नेमका जागेवर बसतो, असं होतं कधीकधी.

शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला आवाज बदलायला सांगून पाठमोरे बसा आणि उत्तरं लिहून काढा. दोन दिवसांनी पुन्हा तेच करा. आणि जमलं तर माझी एक खोड उचला: एकच गाणं दोन्ही आवाजांवर वाजवायचं आणि पेडलवरून पाय किती वेळा लवकर उचलावा लागला ते मोजायचं. नव्यावर हा आकडा वाढला, तर त्यात कॉर्ड एकमेकांत कालवले जाताहेत.