विद्यापीठ परिसराचे पाणी: आधी मोजणी, मग गळती, शेवटी शोषखड्डा

नागपुरात वर्षाला साधारण 1,000 ते 1,200 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. तरीही 2019 च्या जुलैत शहराला पाणी पुरवणारे तोतलाडोह धरण आटल्यामुळे शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले, तर 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. विद्यापीठाच्या परिसरात मोठ्या गच्च्या, मोकळी जमीन आणि एकाच व्यवस्थापनाखालची वसतिगृहे असल्यामुळे पाण्याचा हिशेब येथे घरापेक्षा किंवा वस्तीपेक्षा सोपा ठरतो. मात्र कामाचा क्रम पाळावा लागतो. पहिल्याच बैठकीत पावसाचे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याचे भूमिपूजन ठरते, कारण त्याचे छायाचित्र निघते आणि मीटरचे निघत नाही.

सुरुवात मीटरपासूनच करावी. महापालिकेचा नळ, बोअर, विहीर आणि टँकर असे सर्व स्रोत कागदावर मांडून प्रत्येक स्रोताला आणि प्रत्येक मोठ्या इमारतीच्या आत येणाऱ्या पाइपला मीटर बसवावा व महिनाभर रोज एकाच वेळी आकडा वहीत लिहावा. भारतीय मानकांनुसार वसतिगृहात दरडोई रोज 135 लिटर आणि दिवसापुरत्या महाविद्यालयात 45 लिटर पाणी धरले जाते. म्हणजे 300 मुलांच्या वसतिगृहाला 40,500 लिटर पुरायला हवे. वहीत 60,000 चा आकडा येत असेल, तर मुलांना काटकसरीचे व्याख्यान देण्याआधी पाइप तपासावेत.

गळती शोधण्यासाठी रात्रीची परीक्षा सर्वांत खात्रीची. रात्री एक वाजता गच्चीवरील टाकीत येणारे पाणी बंद करून पातळीवर खडूने खूण करावी आणि पहाटे चार वाजता पुन्हा पाहावे. टाकी दोन मीटर रुंद व तीन मीटर लांब असेल आणि पातळी पाच सेंटिमीटरने उतरली असेल, तर तीन तासांत 300 लिटर गेले. एवढ्या रात्री कोणी आंघोळ करत नाही. थोडे पाणी शौचालयात वापरले गेले असेल, उरलेली सगळी गळती, आणि तिचा दिवसाचा हिशेब दोन हजार लिटरच्या आसपास जातो. यानंतर फ्लशच्या टाक्या पाहाव्यात. टाकीत थोडी नीळ टाकून अर्धा तास कोणालाही ती वापरू देऊ नये. भांड्यात निळे पाणी उतरलेले दिसले, तर आतील रबरी वॉशर बदलायचा आहे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळही दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो. टाकी भरून वाहण्याचा प्रश्न बहुतेक वेळा झिजलेल्या बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या झडपेचा, असतो. तो बदलावाच, शिवाय ओव्हरफ्लोचा पाइप गच्चीच्या कोपऱ्यात न सोडता खाली आणून चौकीदाराच्या खोलीसमोर सोडावा, म्हणजे पंप वेळेवर बंद होतो.

नागपूरच्या परिसराने कुलरचा हिशेब वेगळा ठेवावा. एप्रिलपासून नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सरेपर्यंत वसतिगृहाच्या जवळपास प्रत्येक खोलीत कुलर चालतो, आणि पारा 45 च्या वर गेला की तो किती पाणी पितो हे अंदाजाने न सांगता बादलीने मोजावे. समजा, एका कुलरला दिवसाला 50 लिटर लागले, तर 150 खोल्यांचे 7,500 लिटर होतात. खरी नासाडी मात्र कुलरमध्ये नळी सोडून झोपी जाणाऱ्यांची असते, म्हणून प्रत्येक कुलरला फ्लोट बसवणे वसतिगृहाच्या नियमातच असावे. आठवड्यातून एकदा कुलर रिकामा करून घासावा, कारण डेंग्यूचा डास अशाच साठ्यात वाढतो. हे काढलेले पाणी फरशी पुसण्यास वापरावे; त्यात क्षार साचलेले असल्याने ते सतत एकाच झाडाला घालू नये. आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यालाही हाच नियम लावावा.

आता शोषखड्डा. एक हजार चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला 1,000 मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी आठ लाख लिटर पाणी हाती येते. पाइप व खड्डा ठरवताना मात्र वर्षाची बेरीज कामाची नसते, जोराची सर कामाची असते: तासात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर याच गच्चीवरून 40,000 लिटर खाली येतील. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट आणि पूर्वेला नीस खडक आहे, आणि अनेक ठिकाणी वर काळ्या मातीचा थर आहे. आमच्या परिसरातला पहिला खड्डा दीड मीटरवर थांबला आणि त्याचा तळ काळ्या मातीतच राहिला. पाणी पंधरा दिवस उभे राहिले, डास झाले, आणि शेवटी पंप लावून ते गटारात सोडावे लागले. काळी माती भिजली की फुगते व पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावे आणि बांधकामापूर्वी तळाशी हातभर खळगा करून त्यात पाणी ओतून ते किती वेळात जिरते हे घड्याळ लावून पाहावे. खड्ड्यात खाली मोठे दगड, मध्ये गिट्टी आणि वर जाड वाळू भरावी. गाळ वाळूत अडकतो, म्हणून वरचा थर दरवर्षी मृगाआधी खरवडून बदलावा. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी गच्चीवरची धूळ व पक्ष्यांची घाण घेऊन येते, तेव्हा ते बाजूला काढण्यासाठी वेगळी तोटी ठेवावी. परिसरात जुनी विहीर असेल तर नव्या खड्ड्यापेक्षा तीच बरी, पण तिच्यात फक्त गच्चीचे गाळलेले पाणी सोडावे. वाहनतळाचे तेलकट किंवा प्रयोगशाळेचे पाणी विहिरीत अथवा बोअरमध्ये जाता कामा नये. एकदा बिघडलेले भूजल निवळायला वर्षे लागतात.

आंघोळीचे व बेसिनचे पाणी बागेकडे वळवायचे असेल, तर शौचालयाची वाहिनी मुळापासून वेगळी हवी. जुन्या इमारतीत हे काम खर्चिक ठरते, नव्या इमारतीच्या नकाशातच करून घ्यावे. हे पाणी गिट्टीच्या वाफ्यातून, कर्दळ आणि पाणकणीस यांच्या मुळांमधून संथ जाऊ दिले की बागेपुरते स्वच्छ होते. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेली फायटोरिड पद्धत याच तत्त्वावर चालते. हिरवळीचे क्षेत्र कमी करून कडुनिंब, करंज लावावेत आणि आळ्यात पालापाचोळा पसरावा.

दिवाळीच्या सुटीत वसतिगृह रिकामे झाले की टाक्या काठोकाठ भरून घ्याव्यात, कुलूप लावताना मीटरचा आकडा लिहावा आणि उघडताना पुन्हा लिहावा. आत कोणी नसताना मीटर जेवढा फिरला, तेवढे दुरुस्तीचे काम प्लंबरकडे अजून बाकी आहे.